बीपीवाल्याच्या मागे पोलिसासारखे लागू नका

घरात कुणाला बीपी निघालं की दुसऱ्या दिवसापासून बाकीचे सगळे डॉक्टर होतात. 'मीठ कमी कर', 'चालायला जा', 'चिडू नकोस' (हे शेवटचं बहुतेक वेळा चिडूनच सांगितलेलं असतं). अशा टोकण्याने बीपी उतरतं यावर माझा काडीचाही विश्वास नाही. माणूस चोरून खायला शिकतो आणि गोळी चुकली तरी 'घेतली' म्हणून मोकळा होतो.

या आजारात बहुतेकांना काहीच जाणवत नाही, खरी पंचाईत ती. गोळी घेतली म्हणून काही फरक जाणवत नाही, सोडली तर लगेच बिघडल्यासारखंही वाटत नाही. मग रीडिंग नॉर्मल आलं की 'आता कशाला गोळी?' सुरू. ते नॉर्मल गोळीमुळेच आलंय हे भाषणाने पटत नाही, स्वतः लिहिलेल्या आकड्यांनी पटतं. म्हणून दंडावर बांधायचं मशीन आणा आणि वही त्याच्याच हातात द्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नको. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि गप्पा बंद. एखादा आकडा चढा आला म्हणून घर डोक्यावर घेऊ नका, आठवडाभराचे आकडे बघा. मात्र १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर थेट हॉस्पिटल.

मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते आणि जगाची सरासरी आहे त्याच्या दुप्पट. म्हणजे जास्त मीठ सगळेच खातोय, आणि अळणी ताट मात्र एकट्याला! ती शिक्षाच वाटणार. सगळ्यांचंच थोडं थोडं कमी करा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते. पाकिटातल्या पदार्थांवरचा सोडियमचा आकडाही वाचा.

चालण्याचंही तेच. आठवड्याला १५० मिनिटं 'तू जा' म्हणून होत नाहीत, 'चल, जाऊ' म्हटलं तर होतात.

लॉस एंजेलिसमधला एक प्रयोग मला फार आवडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय पुरुषांच्या नेहमीच्या केशकर्तनालयातच फार्मासिस्ट जाऊन बीपी मोजायचे, डॉक्टरांच्या संमतीने औषधं द्यायचे. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला. जिथे न्हावी फक्त सल्ला देत होते आणि डॉक्टरकडे जा म्हणत होते, तिथे जेमतेम ९ ने. उतार मुख्यतः औषधांचा, हे खरंच. पण औषध ओळखीच्या खुर्चीपर्यंत चालत आलं होतं.

आणि गोळी बंद केलेली कळली तर आधी विचारा, 'काही त्रास होतो का तिचा?' काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, काहींनी पाय सुजतात. ओरडा बसेल या भीतीने लोक हे सांगतच नाहीत, परस्पर गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगितलं तर बदलून मिळते, पर्याय भरपूर आहेत.