ड्वॉर्फ फोर्ट्रेस: ‘बोगदा लांब आणि अरुंद ठेवा’ या सल्ल्याने किल्ले बुडतात

ड्वॉर्फ फोर्ट्रेस हा संगणकावरचा खेळ, ज्यात ड्वॉर्फ म्हणजे बुटक्यांसाठी जमिनीखाली किल्ला खणायचा, नव्याने खेळायला घेतला की पाण्याबद्दलचा एक सल्ला हमखास कानावर येतो. तो पुढे पाठवणारेही पुष्कळ. सल्ला साधारण असा: “या खेळात पाणी खऱ्यासारखंच वागतं. पाण्याचा साठा जितका उंच, तितका दाब जास्त. म्हणून नदीपासून विहिरीपर्यंतचा बोगदा एकच टाइल (नकाशाचा एक चौकोन) रुंद, लांबलचक आणि वळणावळणाचा खणा, मध्ये फ्लडगेट (पाणी अडवणारं दार) किंवा जाळी बसवा. त्याहून निर्धास्त राहायचं असेल तर नदी थेट जोडूच नका, पंपाने पाणी घ्या. मॅग्मालाही (वितळलेल्या खडकालाही) हेच नियम लावा. आणि इतकं करूनही पाणी आत शिरलंच, तर तो किल्ला सोडा आणि नवा सुरू करा.”

यातलं एकच गृहीतक बरोबर आहे: नदीला जोडलेली विहीर किल्ला बुडवू शकते. उपाय मात्र जवळजवळ सगळे चुकलेत. एकेक घेऊ.

“साठा जितका उंच, तितका दाब जास्त”

गच्चीवरच्या टाकीची सवय असलेल्या कुणालाही हे पटेल, कारण घरात तसंच होतं. खेळात होत नाही. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा खेळ 2006 साली पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा नकाशा सपाट होता. एकावर एक मजले, म्हणजे झेड-लेव्हल, 2007 मध्ये आले. आज ज्याला आपण दाब म्हणतो तो या मजल्यांच्या हिशेबावरच चालतो. त्याला कमी-जास्त असं मापच नाही. तो असतो किंवा नसतो.

प्रत्येक टाइलमध्ये पाणी 0 ते 7 एवढं असतं. 7/7 भरलेल्या टाइलवर वरून आणखी पाणी पडायला आलं, की ते पाणी भरलेल्या टाइलमधून वाट शोधतं. ही वाट सहाच दिशांनी जाते: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, वर आणि खाली. वाटेच्या टोकाला जागा असलेली टाइल सापडली की पाणी मधलं अंतर न कापता थेट तिथे उमटतं. म्हणूनच पूर आला की तो भिंतीतून फुटल्यासारखा एकदम येतो.

अट एकच. पडणारं पाणी जिथून पडतं, त्याच्या एक मजला खालपर्यंतच ते दुसऱ्या टोकाला चढतं. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाईपमध्ये दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत उभं राहतं. इथे दुसरं टोक एक मजला खाली थांबतं.

व्यवहारात याचा अर्थ असा. नदीचं पाणी ज्या मजल्यावर आहे त्याला 0 म्हणा. बोगदा 0 वरून निघाला, उभ्या विवरातून -5 वर उतरला, तिथे हौद आणि त्याच्या वर -4 वर विहीर. मधे काहीच केलं नाही तर पाणी विहिरीच्या तोंडातून -4 वर येईल आणि वाट मिळाली तर -1 पर्यंतचा प्रत्येक मजला भरेल. विहीर म्हणजे जमिनीतलं भोक. ती पाणी अडवत नाही. हौद -5 वर असो की -50 वर, चढण्याची हद्द तीच. आणि बांधलेली भिंत कितीही खोल पाण्याने फुटत नाही. जाड भिंती बांधण्यात दगड फुकट घालवू नका.

“बोगदा अरुंद, लांब आणि वळणावळणाचा ठेवा”

हा सल्ला सर्वांत जास्त पसरलाय आणि सर्वांत जास्त किल्ले यानेच बुडालेत, म्हणून इथे जरा थांबू.

रुंदीने दाबाला फरक पडत नाही, कारण वाट शोधायला एक टाइल पुरते. तोंड अरुंद असेल तर भरायला वेळ लागेल, एवढंच. लांबीचंही तसंच: बोगदा एकदा काठोकाठ भरला की दहा टाइल आणि दोनशे टाइल यांत फरक उरत नाही. काटकोनातली वळणं तर निव्वळ शोभेची, कारण काटकोनात दोन्ही टाइलच्या कडा एकमेकींना भिडलेल्याच असतात.

दाब तोडते ती एकच गोष्ट: तिरका जोड. दोन टाइल फक्त कोपऱ्याला कोपरा लावून भेटल्या, तर साधं पसरणारं पाणी तिथून पुढे सरकतं, पण दाबाची वाट तिथे संपते. एकाच मजल्यावर, वरून पाहिलं तर तो असा दिसतो (# म्हणजे खडक, ~ म्हणजे नदीकडचं पाणी, ठिपके म्हणजे हौदाकडचा बोगदा):

# # # # # # #
~ ~ ~ # # # #
# # # . . . .
# # # # # # #

वरच्या रांगेतली शेवटची पाण्याची टाइल आणि खालच्या रांगेतला पहिला ठिपका यांच्या दोन्ही बाजूंना खडक शिल्लक राहिला पाहिजे. त्यांतली एक टाइल जरी चुकून खणली गेली तरी जोड सरळ झाला, म्हणजे गेला. खणायच्या खुणा करताना चौकोन ओढू नका, टाइल एकेक निवडा. ड्वॉर्फ तिरके चालू शकतात, त्यामुळे खणणारा अडकत नाही.

आता खरी मेख. तिरका जोड केला तरी किल्ला बुडाला, अशी तक्रार करणाऱ्यांनी तो बहुतेक वेळा नदीजवळच, 0 मजल्यावर केलेला असतो. पाणी तिथून हळूहळू झिरपतं, मग विवरातून खाली पडतं, विवर भरतं, आणि भरलेल्या विवरावर पुन्हा वरून पाणी पडू लागतं. म्हणजे तुटलेला दाब नव्याने तयार! जोड विवराच्या *नंतर*, हौदाच्याच मजल्यावर हवा. वरच्या उदाहरणात तो -5 वर. ज्या मजल्यावर जोड, त्या मजल्यापर्यंत पाणी भरेल, त्याच्या वर नाही. हौद दोन मजली केला, -5 आणि -6, तरी चालतं. -6 काठोकाठ भरेल, -5 भरेल, -4 वरची विहिरीची खोली कोरडी राहील.

जोडापर्यंत पोचायला ड्वॉर्फने जो जिना खणला, तो विसरला जातो. जिन्यातून पाणी वर-खाली मोकळं जातं. जोडाच्या नदीकडच्या अंगाला असा एखादा जिना किल्ल्यात उघडत असेल तर तिरक्या जोडाचा काहीही उपयोग नाही. पाणी सोडण्याआधी तिथे भिंत बांधा.

“फ्लडगेट किंवा जाळी लावली की दाब कमी होतो”

फ्लडगेट म्हणजे नळाची चावी नव्हे, अर्धवट उघडता येत नाही. बंद असेल तर दाबासकट सगळं अडतं, उघडं असेल तर दाबासकट सगळं येतं. भिंतीतली जाळी, उभे गज आणि तटातल्या जंग्या (बाण सोडायच्या फटी) यांच्यातून पाणी दाबासह पार होतं. जाळीचा उपयोग पाण्यातून येणारे जीव अडवण्यापुरता.

तरीही फ्लडगेट लावावंच, कारण कधीतरी हौद कोरडा करावा लागतो. एका लिव्हरला एक गेट जोडायला तीन मेकॅनिझम (यंत्रांचे सुटे भाग) लागतात: एक लिव्हर बांधायला, दोन जोडणीला. लिव्हर ओढल्यावर गेट हलायला 100 टिक (खेळातल्या वेळेचं माप) जातात, तेवढ्यात दाबाचं पाणी बरंच आत येतं. दार लगेच बंद होतं, म्हणून घाईच्या जागी दार बरं. उघड्या गेटच्या टाइलमध्ये दगड किंवा वाहून आलेली एखादी वस्तू अडकली तर ते बंदच होत नाही. एकामागे एक दोन गेट बसवावीत ती यासाठी.

गेट आपोआप चालवायचं असेल तर हौदाच्या तळाशी, पाणी सोडण्याआधी, प्रेशर प्लेट (ठरलेल्या पातळीचं पाणी असलं की संकेत देणारी फरशी) बसवा आणि तिला पाण्याची मर्यादा 0 ते 3 द्या. संकेत मिळाला की गेट उघडतं, संकेत संपला की मिटतं. बरेच जण पाणी जास्त झाल्यावर गेट बंद व्हावं म्हणून 4 ते 7 अशी मर्यादा देतात आणि मग हौद भरल्यावरच गेट उघडतं. पण प्लेट आणि गेट दोन्ही सावकाश हलतात, त्यामुळे प्लेट तिरक्या जोडाला पर्याय नाही, त्याची सोबत आहे.

आणि क्रम: आधी गेट बांधून, लिव्हरला जोडून, बंद करून घ्या. नदीलगतची शेवटची टाइल सर्वांत शेवटी, आणि तीही बोगद्यातून नाही तर वरून, काठावर उभं राहून चॅनल करा, म्हणजे खाली खणा. आतून फोडली तर खणणाराच वाहून जातो. काठावर उरलेल्या भोकावर नंतर फरशी बांधा.

“पंप वापरा, पंप सुरक्षित”

नेमकं उलट. पंप हा दाबाचा सर्वांत भरवशाचा कारखाना आहे. तो समोरच्या एक मजला खालच्या टाइलमधून पाणी घेतो आणि स्वतःच्या मजल्यावर 7/7 ओततो. ओतायची जागा भरलेली असेल तर दाबाने ढकलतो, आणि तेही थेट स्वतःच्या मजल्यापर्यंत. पडणाऱ्या पाण्याला असते ती एक मजल्याची सूटही इथे नाही. नदीकाठी 1 मजल्यावर पंप बसवून पाणी विहिरीत सोडलं, तर नदी थेट जोडल्यापेक्षा पूर वर चढेल. शिवाय तो स्वतःहून थांबत नाही. शक्ती मिळत राहील तोवर उपसत राहतो.

पंपाचा शहाणा उपयोग वेगळा. हौद -5 वर असेल तर पंपही -5 वरच बसवा आणि पाणी -6 वरून घ्या. मग पाणी -5 च्या वर चढूच शकत नाही. समुद्राकाठच्या किल्ल्यात तर पंपाला पर्याय नाही, कारण पंपातून गेलेलं खारं पाणी पिण्याजोगं होतं, मात्र हौदाचा तळ आणि भिंती बांधीव हव्यात, नैसर्गिक खडकाच्या नाहीत.

सामान: एक मोठा स्क्रू, एक पाईपचा तुकडा, एक ब्लॉक. शक्ती 10 एकक, किंवा एक ड्वॉर्फ हाताने फिरवतो. एक पाणचक्की 100 एकक देते आणि स्वतः 10 खाते. उरलेल्या 90 मध्ये आठ पंप, एक गिअर (5) आणि पाच टाइल अ‍ॅक्सल (प्रत्येकी 1) बरोबर बसतात. नववा जोडलात तर सगळीच यंत्रं थांबतात. एकच पंप बंद पडेल अशी आशा ठेवू नका.

“मॅग्मालाही हेच नियम”

नाही. मॅग्मा आपला आपण दाब करत नाही. भरलेल्या टाइलवर पडला तर तिथेच थांबतो, दुसऱ्या टोकाला चढत नाही. ज्वालामुखीच्या नळीपासून भट्ट्यांपर्यंत सरळ बोगदा नेला तर तो हळूहळू भरतो आणि पातळी सोडत नाही. तिरका जोड तिथे निरर्थक. पंपाने उपसलेला मॅग्मा मात्र दाबासह येतो, आणि तेव्हा पंपाचे तिन्ही भाग मॅग्मा सोसणारे हवेत. लाकडी स्क्रू चालत नाही.

“पाणी शिरलं की किल्ला संपला”

पाणी कुठून येतंय ती जागा सापडली, की निम्मं काम झालं. 4/7 पासून पुढे ड्वॉर्फ त्यातून चालत जात नाहीत, म्हणून 3/7 असेपर्यंत वाट आहे, त्यातच दार लावा किंवा भिंत उभी करा. लिव्हर पाण्याच्या वाटेवरच्या खोलीत ठेवला असेल तर अर्थात सगळंच अवघड. तो बैठकीच्या खोलीत, वरच्या मजल्यावर असावा.

येणं थांबलं की उरलेलं पाणी पसरवा. 1/7 पाणी आपोआप आटतं. वीस टाइल काठोकाठ भरल्या असतील तर ते 140 एकक होतात, म्हणजे एकूण 140 टाइलची फरशी मिळाली की प्रत्येकीवर 1 उरतं आणि आटतं. शेजारच्या कोठाराचं दार उघडणं कधीकधी एवढ्यानेच पुरतं. मागे राहिलेला चिखल खडकावर शेती करायला लागतोच, तेव्हा तो धुऊ नका.

पूर मोठा असेल तर भलामोठा खड्डा खणत बसू नका. शंभर टाइलचा खड्डा 700 एकक घेतो आणि भरतो, वाहती नदी मात्र संपत नाही. त्याऐवजी नकाशाच्या कडेपर्यंत बोगदा न्या. अगदी शेवटची टाइल खणता येत नाही, पण ती नैसर्गिक भिंत गुळगुळीत करून तिच्यात जंग्या कोरता येतात. त्या जंग्यांतून पाणी नकाशाबाहेर निघून जातं, कितीही आलं तरी. या बोगद्यालाही फ्लडगेट लावा, कारण कायम वाहणारं पाणी संगणकाला सतत हिशेब करायला लावतं आणि एफपीएस (खेळाचा वेग) घसरतो. स्थिर, भरलेला हौद तेवढा त्रास देत नाही.