स्ट्राव्हिन्स्कीची ‘चोरी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मी ‘सुईट इतालिएन’ला, म्हणजे स्ट्राव्हिन्स्कीच्या व्हायोलिन-पियानोसाठीच्या रचनामालिकेला, आधुनिक म्हटलं. त्यावरच्या तुमच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘सुईट इतालिएन’ म्हणजे अठराव्या शतकातल्या पेर्गोलेझी या इटालियन संगीतकाराच्या आयत्या चालींवर विसाव्या शतकातल्या स्ट्राव्हिन्स्कीने मारलेला डल्ला, आणि तिला आधुनिक रचना म्हणून डोक्यावर घेण्याचं कारण नाही.

चाली उसन्या आहेत, यात वादच नाही. पण ते लपवलं कुणी? १९२० साली पॅरिसमध्ये ‘पुल्चिनेल्ला’ हा मूळ बॅले (नृत्यनाट्य) झाला, ज्यातून पुढे ही रचना निघाली, तेव्हाही पेर्गोलेझीचं नाव सोबत होतंच. १९२५ मध्ये त्यातून व्हायोलिन-पियानोसाठी पहिला सुईट केला, त्याच्या तर शीर्षकातच ते आहे. गंमत पुढेच आहे. पेर्गोलेझी १७३६ मध्ये अवघ्या २६ वर्षांचा असताना गेला आणि त्याच्या नावाला असा भाव आला की प्रकाशक इतरांच्या रचनाही त्याच्या नावावर खपवू लागले. हा बॅले करवून घेणाऱ्या दियागिलेव्हने स्ट्राव्हिन्स्कीच्या हाती दिलेल्या कागदांत असला माल बराच होता. सुईटची सुरुवात डोमेनिको गाल्लोची. तारांतेल्ला (त्यातला वेगवान नृत्याचा भाग) तर चक्क एका डच सरदाराची, व्हान वासेनारची! श्रेय दिलं गेलं, पण भलत्यालाच पोचलं.

सुईटमधली ‘सेरेनाता’ मात्र खरोखर पेर्गोलेझीची, ‘इल फ्लामिनिओ’ या ऑपेरातली. तीच नीट ऐका. वर व्हायोलिनवर हेलकावणारी चाल जवळपास जशीच्या तशी आहे. खाली सा-पची जोडी मात्र तानपुऱ्यासारखी धरून ठेवलेली. चाल दुसरीकडे वळते, आता खालचे स्वरही बदलतील असं कानाला वाटतं, आणि ते बराच वेळ बदलतच नाहीत. मग वरचे-खालचे स्वर एकमेकांना घासतात. हे घासणं अठराव्या शतकातलं नाही, स्ट्राव्हिन्स्कीचं आहे. चाल नि खर्जातली ओळ हाती ठेवून मधली जागा त्याने आपल्या पद्धतीने भरली. मी ‘आधुनिक’ म्हटलं ते यालाच.

‘पैशासाठी केलेली कामगिरी’ हा तुमचा टोमणा खरा आहे, पण म्हणून काय झालं? १९३० च्या दशकात सॅम्युएल डश्किन या व्हायोलिनवादकाबरोबर दौरे करायचे, तर दोघांनी वाजवण्याजोगं काहीतरी हवंच होतं, म्हणून ‘सुईट इतालिएन’.

हां, बॅलेत ट्रॉम्बोन आणि डबल बास या खर्जातल्या वाद्यांची जी झकास टवाळी आहे, तिची भरपाई व्हायोलिन-पियानोत होत नाही. तुम्ही त्यावर बोट ठेवलं असतं तर मी हे उत्तर लिहिलंच नसतं.