एकास सत्त्याऐंशी

छोट्या रेल्वेच्या छंदात सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खरी गाडी ८७ पटींनी लहान करायची, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर ठेवायचं. पण लहान होते ती फक्त गाडी. पाऊस, पाली आणि नातेवाईक आहेत त्याच मापाचे राहतात.

कर्जतला आमच्या परसात पत्र्याची शेड आहे. तिथलं सरपण, करवंट्या आणि वडिलांची बंद स्कूटर बाहेर काढून मी आत भोर घाट उभारणार असल्याचं जाहीर केलं.

"अहो, खरा घाट गच्चीवरून फुकट दिसतो," ही म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं आणि हिशेबाला बसलो. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. भागिले ८७ म्हणजे सव्वातीनशे मीटरच्या आसपास. या हिशेबाने लोणावळा शेजारच्या काकूंच्या गोठ्यातून पार बाजारपेठेत जात होतं. शेड दहा फुटांची! मग बोगदे, पूल, गावं धडाधड रद्द केली. चढ मात्र खराच ठेवला, सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इंग्रजांच्या काळातल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८६३ साली तो पार केला, तर मला का जमू नये? पण या चढाने साडेसात सेंटिमीटर वर जायला पावणेतीन मीटरहून जास्त रूळ लागतो, आणि तिथे भिंत येते. भिंतीपाशी वळण, वळणापुढे दार. आता शेडमध्ये शिरायचं तर कर्जत स्टेशनखालून रांगत जावं लागतं. माझे गुडघे अजून एकास एकच आहेत.

इंजिन चढावर जागच्या जागी चाकं फिरवू लागलं. खऱ्या घाटात कर्जतला गाडी मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, तसं मीही एक लावलं. मागच्याला पुढच्यापेक्षा घाई फार. दोघांच्या ओढाताणीत मधले डबे दरीत. (दरी म्हणजे स्कूटरची जुनी सीट.)

मग जून आला. प्लायवूड फुगलं, रूळ काळे पडले आणि बारा व्होल्टची वीज वाटेतच गळाली. गाडी बोगद्यात अडकली. माझा हात आत जाईना, हिचा गेला आणि किंचाळत बाहेर आला. आत पाल होती. बारा सेंटिमीटरची पाल गाडीच्या मापाने साडेदहा मीटर होते, म्हणजे अर्ध्या डब्याएवढी मगर. मी हे कौतुकाने सांगितलं. त्या दिवशी चहा मिळाला नाही. तशातच खडी चिकटवायला फेविकॉल-पाण्यात थेंबभर भांड्यांचं लिक्विड घालावं लागतं, आणि अख्खी बाटली कुठे गेली त्याचा शोधही तेव्हाच लागला.

खरा घात केला तो पलीकडच्या आळीतल्या निवृत्त ड्रायव्हरसाहेबांनी. जन्मभर घाटात गाड्या चालवलेला माणूस. रांगत आत आले, कंबर धरून उभे राहिले आणि पहिला प्रश्न, "कॅच सायडिंग कुठंय?"

उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून जिथे चढावर घालतात, तो हा फाटा. त्यासाठी प्लास्टरचा अख्खा डोंगर फोडला. साहेब खूश झाले. आता रोज संध्याकाळी येतात, चहा घेतात आणि हात वर करून बजावतात, "ब्रेक टेस्ट झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही."

माझ्या गाडीला ब्रेकच नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?