स्वतःच्या वावरात जायला रजिस्टरमध्ये सही करायची?

काल सकाळपासून डोकं नुसतं भणभणतंय. कडबा आणायला ट्रॅक्टर घेऊन निघालो, आई मागं रिकाम्या ट्रॉलीत बसलेली, आणि आमच्या पाणंदीच्या तोंडालाच नवीन लोखंडी गेट. आठ दिवसांपूर्वी नव्हतं. आतून वॉचमन आला आणि मला म्हणतो, कुणाकडे जायचंय? मी म्हटलं वावरात. तो म्हणे कुठल्या प्लॉटवर? अरे प्लॉट नाही रे बाबा, वावर, माझं वावर, आजोबांपासूनचं. तर त्यानं रजिस्टर पुढं केलं. जाडजूड वही, सुतळीनं बांधलेला निळा पेन, आणि रकाने काय तर नाव, मोबाईल, गाडी नंबर, कोणाकडे, कामाचं स्वरूप. कामाचं स्वरूप! आणि तेवढ्यात त्याची नजर आईवर गेली आणि त्यानं विचारलं, मावशी, कुठल्या बंगल्यावर कामाला आलाय?

माझी आई लग्न होऊन या गावात आली ती याच पाणंदीनं वावरात जाते. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन चिखलातून गेलीय, मला पोटात घेऊन खुरपायला गेलीय. ती काहीच बोलली नाही, नुसता पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघायला लागली. तिचं ते गप्प बसणं मला रात्रभर झोपू देईना. त्या पोराचा दोष नाही, तो बिचारा कुठून तरी लांबून पोटासाठी आलाय, त्याला जे सांगितलं ते तो करतोय. ज्यांनी सांगितलं त्यांचा राग आहे.

सही केली नाही. गेट उघडायला लावलं आणि गेलो. पण दुपारी ट्रॉली भरून परत आलो तर गेटच्या आत प्लॉटिंगवाल्यानं जी शोभेची कमान बांधलीय तिच्याखालून कडबा निघेना. वरच्या पेंढ्या दिव्यांच्या वायरीत अडकल्या. शेवटी अर्ध्या पेंढ्या तिथंच कडेला उतरवल्या, भर उन्हात, आणि एक बाई बाल्कनीतून सांगते की इथं कचरा टाकू नका. कचरा! माझ्या जनावरांचं वर्षाचं खाणं आहे ते.

गाव नकाशा काढून बघा कुणीही. दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला गाडीमार्ग आहे तो, असल्या रस्त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, कुणाच्या बापाची मालकी नाही. हे मी चार महिन्यांपूर्वी, जेव्हा त्यांनी नुसते सिमेंटचे खांब रोवले होते, तेव्हाच तहसील कचेरीत लेखी दिलं होतं. तर मला तिथं सांगितलं की तुम्ही जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली अर्ज केलाय, ते बांधावरून नवीन रस्ता मागायला असतं, तुमचा रस्ता तर आधीपासून आहे, त्याचा अडथळा काढायचा तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली या. बरं, मग हे अर्ज घेताना का नाही सांगितलं? चार महिने तो कागद टेबलावर काय करत होता? तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी केलं, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण माणूस जागेवर भेटतो का, ते आधी बघा.

आणि हे प्लॉटिंग मुळात झालंच कसं? २०२३ ला जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ही मर्यादा ठरली, त्याखाली तुकडा पाडून विकता येत नव्हता. म्हणून काय करतात, वीस गुंठ्यांचा एक दस्त, त्यात दहा-पंधरा नावं, आणि जागेवर मात्र चुना मारून गुंठा गुंठा वाटून द्यायचा. सातबारा बघितला तर लग्नपत्रिकेसारखी नावांची रांग. जाहिरातीत डोंगर दिसतो, नदी दिसते, ओढा दिसत नाही, कारण ओढा त्यांनी मुरूम टाकून बुजवलाय आणि खाली एक फुटाचा पाईप घातलाय. मागच्या पावसाळ्यात ते सगळं पाणी शेजारच्या काकांच्या कांद्याच्या रोपात शिरलं. काकांनी कुणाला विचारायचं? पाईपला?

ग्रामसभेत बोला म्हणतात. बोललो ना! २६ जानेवारीला झेंडा झाला, पोरांना खाऊ वाटला आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही, म्हणून पुढच्या वेळी सात-आठ जण बसून जे करायचं ते करून मोकळे. गायरानाचंही असंच झालं. सोलरला द्यायचं ठरलं. दिवसा लाईट मला पण पाहिजे, रात्री दोन वाजता मोटार चालू करायला जाऊन माझी हाडं गेलीत, पण ज्यांच्या शेळ्या त्या गायरानावर जगतात त्यांना एक शब्द विचारायचा होता की नाही? आणि त्या वरच्या आराखड्यांबद्दल तर बोलूच नका. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०२१ ला काढला, गावोगावच्या लोकांनी शेती बुडवून हरकती लिहिल्या, सुनावण्यांना खेटे घातले, आणि २०२५ ला तो आराखडाच रद्द. माझ्या मामाचे त्या खेट्यांत गेलेले दिवस कोण भरून देणार? तोवर ज्यांना बांधायचं होतं ते बांधून बसले.

रस्ता द्यायला आमचा कधीच नकार नव्हता. या ना, घरं बांधा, राहा, गावात माणसं वाढली तर शाळा तरी टिकेल. पण जिथून आमच्या बैलगाड्या गेल्या तिथं आम्हालाच पाहुणा ठरवायचं, हे मी होऊ देणार नाही. सोमवारी कलम ५ चा अर्ज देतोय, नकाशाची नक्कल काढलीय, आणि त्या पाणंदीवर ज्यांची वावरं आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घेतोय. अकरा झाल्या. पहिली आईची आहे, तिनं स्वतः मागून घेतली.

अर्धा कडबा अजून कमानीजवळ पडलाय आणि संध्याकाळपासून आभाळ भरून आलंय. कुणाकडे ताडपत्री असेल तर आजच सांगा.