रिकॉलचं पान कोरं, म्हणून गाडी घ्यायची?

वादाला तोंड फुटलं ते पक्याच्या एका वाक्यावरून. रिकॉल म्हणजे दोष सापडलेल्या गाड्या कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं. पक्या सेकंडहँड जर्मन सेदान बघत होता, मोबाईल पुढे धरून म्हणाला, "चेसिस नंबर टाकून बघितला. एकही रिकॉल बाकी नाही. गाडी स्वच्छ आहे, आता आणखी काय बघायचं?"

"‘बाकी नाही’ म्हणजे ‘कधी निघालाच नाही’ असं नसतं," सुऱ्या म्हणाला. गाड्यांच्या संगणकाला स्कॅनर लावून दोष शोधणं हेच त्याचं दिवसभराचं काम. "अमेरिकेतल्या एनएचटीएसए ह्या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या पानावर नंबर टाकलास, तर फक्त न झालेली कामं दिसतात. रिकॉल निघाला, काम झालं, की तो त्या यादीतून जातो. पंधरा वर्षांपेक्षा जुने रिकॉल बहुतेक वेळा तिथे दिसत नाहीत. रिकॉल नुकताच जाहीर झाला असेल, तर कंपनीने चेसिस नंबर चढवेपर्यंत तुझी गाडी त्यात असूनही पान कोरंच दिसतं. आणि गाडी अमेरिकेबाहेर विकलेली असेल, तर ह्या यादीत तिचा पत्ताच नसतो. ती मूळ ज्या बाजारात विकली गेली, तिथल्या कंपनीकडे विचारावं लागतं."

"मग उपयोग काय त्याचा?"

"उपयोग आहेच. पण नंबर आधी नीट घे. सतरा अक्षरं असतात आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. कुणी तुला ओ लिहून पाठवला असेल, तर तो शून्य समज. काचेखालचा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आणि बॉडीवर ठोकलेला, तिन्ही नंबर एक आहेत का ते उभं राहून बघ. ठोकलेल्या नंबराभोवती रंगाचा थर वेगळा दिसला, घासल्याच्या रेघा दिसल्या, तर पुढचं काही बघायची गरज नाही."

पक्याचं समाधान झालं नाही. त्याचं म्हणणं, रिकॉल झाला की कंपनी पत्र पाठवते, माणूस काम करून घेतो, संपलं. इथे अण्णा मध्ये पडले. "पत्र जातं ते कंपनीकडे नोंद असलेल्या मालकाला. गाडीने तीन हात बदलले, तर पत्र पहिल्याच्या घरी पडून राहतं. म्हणून तर जुन्या महागड्या गाड्यांत रिकॉलची कामं राहून गेलेली सापडतात. काम फुकट असतं, मालक कितवाही असो, पण कुणी नेलीच नाही तर कोण करणार?"

टाकाटा ह्या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा विषय निघणं साहजिक होतं. तो रिकॉल इतिहासातला सगळ्यात मोठा, आणि बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस सगळे त्यात होते. एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यात, म्हणजे इन्फ्लेटरमध्ये, अमोनियम नायट्रेटचे दाणे भरलेले, ओल शोषणारा पदार्थ अनेक मॉडेलांत घातलेलाच नव्हता. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून ते दाणे खराब होतात, मग टक्कर झाली की नेहमीपेक्षा फार वेगाने पेटतात आणि लोखंडी डबाच फुटतो. त्याचे तुकडे थेट चालकाच्या तोंडाकडे.

"ह्यात एक मेख आहे," सुऱ्या म्हणाला. "यादी चेसिस नंबरावर चालते, सुट्या भागावर चालत नाही. मधे कधी अपघात झाला असेल आणि कुणी भंगारातल्या गाडीचं स्टिअरिंग एअरबॅगसकट बसवलं असेल, तर तुझं पान कोरंच राहील आणि जुना इन्फ्लेटर मात्र तुझ्या छातीसमोर असेल. शिवाय सुरुवातीला काही गाड्यांत तात्पुरता म्हणून त्याच जातीचा नवा इन्फ्लेटर बसवला होता, तो नंतर पुन्हा बदलायचा होता. म्हणून ‘एअरबॅगचं काम झालंय’ एवढं तोंडी ऐकून थांबायचं नाही. कोणत्या तारखेला, कोणता भाग, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत बघायचं."

इथवर पक्या ऐकत होता. "ठीक आहे, हे सगळं तपासून पान कोरं निघालं, तर मग तरी गाडी भरवशाची ना?"

"नाही," अण्णा म्हणाले, आणि खरा वाद इथे पेटला. मलाही अण्णांचंच पटतं.

रिकॉल निघतो तो सुरक्षेच्या दोषासाठी किंवा धुराचे नियम मोडले म्हणून. इंजिन ऑइल पितं, चेन सैल होते, गिअरबॉक्स झटके देतो, ह्या गोष्टी बहुतेक वेळा त्यात येतच नाहीत. अण्णांनी बीएमडब्ल्यूच्या एन-63 इंजिनचं उदाहरण दिलं. 4.4 लिटरचं व्ही-8, दोन्ही टर्बो सिलेंडरांच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवलेले. तिथे भट्टीसारखी उष्णता साठते, व्हॉल्व्हची सीलं कडक होतात, ऑइल जळतं. कंपनीने अमेरिकेत 2014 च्या डिसेंबरात ह्या इंजिनासाठी ‘कस्टमर केअर पॅकेज’ काढलं. टायमिंग चेन तपासणं, इंजेक्टर, एअर सेन्सर, बॅटरी, आणि ऑइल बदलायचा काळ कमी करणं. "एवढं मोठं काम, पण तो रिकॉल नव्हता. सरकारी पानावर ह्याची एक ओळ दिसणार नाही. सर्व्हिस सेंटरला विचारताना ‘रिकॉल आहे का’ असं विचारशील तर ‘नाही’ म्हणतील, आणि खरंच सांगत असतील. ‘ह्या चेसिस नंबरावर सर्व्हिस कॅम्पेन, वाढीव वॉरंटी, तांत्रिक सूचना काय काय आहेत आणि त्यातलं काय झालंय’ असं विचार."

"आणि उलटंही खरं," सुऱ्याने जोडलं. "लेक्सस एलएस 460 बघ. 2010 मध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल होता, चालता चालता इंजिन बंद पडू शकेल असा. वाचून माणूस घाबरेल. पण स्प्रिंग बदलल्या की ते इंजिन वर्षानुवर्षं चालतं. त्या गाडीत पैसे जातात पुढच्या चाकांच्या आर्ममध्ये. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश फाटतात, सुटे मिळत नाहीत, पूर्ण आर्म बदलावे लागतात, आणि एका बाजूला चार असतात. खड्ड्यावर ठक आवाज आणि ब्रेक दाबल्यावर नाक हललं, की तिथेच बघायचं."

पक्याचा मुद्दा बदलला. मग तज्ज्ञाकडून स्कॅन करून घेतो, गाडीच्या संगणकात दोषाचे कोड नसले की झालं. ह्यावर सुऱ्या चिडलाच. कोड पुसायला दोन मिनिटं लागतात. म्हणून कोडच्या आधी ‘रेडिनेस’ बघायचा. गाडीचा संगणक कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ ह्यांच्या चाचण्या स्वतः करत असतो, आणि कोड पुसले की त्या सगळ्या ‘अपूर्ण’ होतात. पूर्ण व्हायला काही दिवसांचं वेगवेगळं चालवणं लागतं. चार चाचण्या अपूर्ण आणि कोड शून्य, म्हणजे कुणीतरी काल-परवाच पुसलंय. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हा आकडाही साध्या स्कॅनरवर वाचता येतो. अमेरिकी नियमांच्या 2010 नंतरच्या गाड्यांत तर ‘पर्मनंट’ कोड असतात. ते स्कॅनरने जात नाहीत, दोष दुरुस्त होऊन चाचणी पास झाली की मगच जातात.

मीटर फिरवलाय का, हेही तिथेच कळतं. फिरवणारा समोरचा आकडा बदलतो, पण किलोमीटरची नोंद इतर कंट्रोल युनिटांतही पडते, बीएमडब्ल्यूच्या चावीतही. हे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. कंपनीच्या नोंदीत 2019 मध्ये जास्त आणि आज कमी, असं दिसलं तर बोलायला काही उरत नाही.

मर्सिडीजवर बरंच बोलणं झालं, कारण पक्याच्या यादीतली दुसरी गाडी ती होती. एम-272 हे व्ही-6 इंजिन. 2004 पासूनच्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं, म्हणजे इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं, दातेरी चक्र मऊ निघालं. चेन त्यावरून फिरून दाते झिजतात. नव्या चक्राचा दाता सपाट माथ्याचा असतो, झिजलेल्याचा सुळक्यासारखा टोकदार होतो. दाते झिजले की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं टायमिंग मागे पडतं आणि इंजिनचा दिवा लागतो. भाग लहान आहे, पण तिथे पोचायला इंजिन खाली उतरवावं लागतं. भानगड टाळायचा मार्ग सोपा आहे. गाडीचं साल बघून अंदाज बांधायचा नाही, इंजिन नंबर घ्यायचा. सुधारित चक्र कोणत्या नंबरापासून बसलं, हे सर्व्हिस सेंटर सांगतं.

त्याच काळातल्या डब्ल्यू-211 ई-क्लासला एसबीसी हे इलेक्ट्रॉनिक ब्रेक. पेडल दाबलं की संगणक पंपाला सांगतो, पंप दाब देतो. 2004 मध्ये सुमारे 6 लाख 80 हजार गाड्या ह्यासाठी परत बोलावल्या होत्या. ब्रेक किती वेळा दाबला गेला ते हा पंप मोजत राहतो. मर्यादा संपत आली की मीटरवर सूचना येते. आणि पूर्ण फेल झाला तर फक्त पुढच्या चाकांना, तेही पायाच्या जोरावर ब्रेक लागतो, पेडल खोल जातं. स्कॅनरवर तो आकडा वाचल्याशिवाय ही गाडी घेऊ नये, असं मी स्पष्टच म्हणेन.

गिअरबॉक्सवर अण्णा थोडक्यात बोलले. "‘लाइफटाइम ऑइल’ असं लिहिलेलं असतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला बदला म्हणते. दीड लाख चाललेल्या गाडीत बदलल्याची पावती नसेल, तर ते काम तुझ्या माथी आलं असं धरूनच बोलणी कर."

"मग प्रत्यक्ष गाडीपाशी गेल्यावर?" पक्याने विचारलं. आता त्याचा सूर बदललेला होता.

"पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेव," अण्णा म्हणाले. "गरम लागलं तर तुझ्या आधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलंय. परत फिर, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन चालू करताना पहिल्या दोन-तीन सेकंदांतला चेनचा खडखडाट ऐकायचा, तापल्यावर तो लपतो. मग गाडी पूर्ण तापू दे, दहा मिनिटं जागेवर चालू ठेव आणि एकदम रेस कर. मागे एकाला उभा कर. निळा ढग आला तर व्हॉल्व्हची सीलं गेली. टर्बोही त्यात असू शकतो, पण नुसतं उभं राहिल्यावर साठून येणारा धूर बहुतेक सीलांचाच."

एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी असेल, तर तपासायला एक रात्र लागते. संध्याकाळी सपाट जागी उभी करून चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं आणि लिहून ठेवायचं. सकाळी गाडी न उघडता पुन्हा मोजायचं, कारण दार उघडलं की काही गाड्या स्वतः उंची सावरतात. एकच कोपरा बोटभर बसला असेल तर तिथला स्ट्रट, म्हणजे हवा भरलेला खांब, गळतोय, दोन कोपरे बसले तर हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय घ्यायचा. गळका स्ट्रट नुसता बदलून भागत नाही. कॉम्प्रेसर ती हवा भरून काढायला सतत धावत असतो, त्यामुळे तोही थकलेलाच निघतो.

"विकणारा एक रात्र थांबू देईल?"

"संध्याकाळी तू मोज, सकाळी फोटो त्याला काढायला सांग," सुऱ्या म्हणाला. "टेप दिसला पाहिजे आणि दार बंद दिसलं पाहिजे."

पक्याने तिथेच बसून विकणाऱ्याला मेसेज टाकला: इंजिन नंबरचा फोटो पाठवा, आणि उद्या मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.