इथलेच आम्ही, शपथेवर

न्यू जर्सीच्या ड्रायव्हिंग लायसन्सवरच्या फोटोत मला केस आहेत. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथे आहे, हे आधीच कबूल करतो. उगाच कायद्याला बोल नको.

2023 च्या ऑगस्टमध्ये आम्ही बिऱ्हाड गुंडाळून कॅलिफोर्नियात आलो. बायकोला इकडे नोकरी लागली होती, माझं काम घरी बसून चालायचं आणि लेक बारावीत. बारावीच्या मुलीला कुणी हलवतं का, असं आमच्या न्यू जर्सीतल्या गावातल्या, एडिसनमधल्या यच्चयावत मराठी मंडळींनी विचारलं. आम्ही हलवलं. इंटरस्टेट 80 हा रस्ता न्यू जर्सीत टीनेकला सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. साधारण 2,900 मैल, फारसं वळायची भानगड नाही, म्हणून बायकोने गाडी माझ्या हाती दिली. बेसनाचे लाडू, कुकर आणि लेकीचा अबोला एवढं सामान घेऊन सहा दिवस आम्ही मावळतीकडे चाललो होतो.

पहिली नाचक्की पेट्रोल पंपावर झाली. न्यू जर्सीत गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्याने बंदी आहे. अख्ख्या अमेरिकेत असं आता ते एकच राज्य उरलंय. तिथे वीस वर्षं काच खाली करून नुसतं 'फुल्ल' म्हणणारा मी माणूस. राज्याबाहेर गेलो की बायको उतरायची. कॅलिफोर्नियातल्या आमच्या नव्या गावी, फ्रीमाँटला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एकटा पंपावर गेलो, सवयीने काच खाली केली आणि बसून राहिलो. मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत बसलो.

सप्टेंबरात लेकीच्या शाळेत पालकांची बैठक झाली. कॉलेजच्या खर्चावर एक बाई बोलत होत्या. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठात फी दोन प्रकारची असते, म्हणाल्या. राज्यातल्यांना वेगळी, बाहेरच्यांना वेगळी, आणि दोन्हींतला फरक वर्षाला 30 हजार डॉलरांच्या वर. मी चार वर्षांचा गुणाकार केला. सव्वा लाखाच्या घरात गेला म्हणून पुन्हा केला. तेवढाच आला. बायको असल्या गुणाकारात पडत नाही. तिने वहीत दोन ओळी लिहून घेतल्या. एक, वर्ग सुरू व्हायच्या आधी इथे 366 दिवस राहिलेलं पाहिजे. दोन, कायमचं राहण्याचा हेतू पाहिजे आणि तो कागदावर दिसला पाहिजे.

दिवसांचं जमत होतं. आलो 18 ऑगस्टला, वर्ग पुढच्या ऑगस्टच्या अखेरीस. आता 366 म्हणजे वर्षावर एक दिवस, पण 2024 पडलं लीप वर्ष. म्हणजे वर्षच 366 दिवसांचं. मग वरचा एक दिवस वेगळा धरायचा की फेब्रुवारीत तो आपोआप मिळाला, यावर मी जेवताना बराच ऊहापोह केला. बायको म्हणाली, आपल्या हाताशी दहा दिवस जास्तीचे आहेत, भात घे.

खरा घोळ हेतूचा होता. आपल्याकडे हेतू शुद्ध असला की झालं. इथे तो नोंदणीकृत लागतो. नव्याने राहायला आलेल्याने 10 दिवसांत इथलं लायसन्स घ्यायचं, 20 दिवसांत गाडीची नोंदणी करायची, राज्याचा इन्कम टॅक्स भरायचा. मतदारयादीत नाव असेल तर उत्तमच, पण आमच्याकडे ग्रीन कार्ड, त्यामुळे मताचा प्रश्नच नाही. बरं, नुसतं इथलं जोडून भागत नाही, तिथलं तोडावंही लागतं. नव्या सुनेसारखं. सासरी नांदतेस ते दिसतंय गं, पण माहेरी अजून तुझ्या नावाचं कपाट का?

हेतूच्या बाबतीत माझं रेकॉर्डही फारसं उजळ नाही. 1999 साली ब्रीच कँडीच्या वकिलातीत काचेपलीकडच्या साहेबाला मी सांगितलं, शिकलो की परत येणार. विद्यार्थी व्हिसा हवा तर ते पटवून द्यावंच लागतं. पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जावर सही केली, कायमचा राहणार. आणि दर रविवारी आईला फोनवर सांगत आलोय, दोन वर्षांत येतोच आहोत. तिन्ही वेळा मी अगदी मनापासून बोललोय. आता चौथी शपथ कॅलिफोर्नियाला.

फेब्रुवारीत एका शनिवारी बायकोने जेवणाच्या टेबलावर दोन ढीग मांडले. एक तिचा, एक माझा. तिचं लायसन्स नवव्या दिवशीचं. तिच्या गाडीची नोंदणी पंधराव्या. बँकेचा पत्ता, डॉक्टर, दातांचा डॉक्टर, वाचनालयाचं कार्ड, पगाराच्या स्लिपवर पहिल्या दिवसापासून इथला टॅक्स. साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत तिने हे सगळं तारीखवार लावून ठेवलं होतं.

माझ्या ढिगात वर न्यू जर्सीचं लायसन्स. त्याखाली पगाराच्या सहा स्लिपा, सगळ्यांवर न्यू जर्सीचा टॅक्स, कारण आपण राहायला कुठे गेलो हे मी कंपनीला कळवलंच नव्हतं. गाडीच्या काचेवर तिकडच्या टोलची डबी जशीच्या तशी. तिकडच्या मंडळाच्या आजीव सभासदत्वाची पावती. एडिसनमधल्या जिमचे महिन्याला 20 डॉलर अजून जात होते. तिथे राहत असतानाही मी त्या जिममध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावरून मी तिथला कसा ठरतो, असा मुद्दा मी मांडला. तो टेबलावर कुणी उचलला नाही.

"लायसन्स का नाही बदललंस?" बायकोने विचारलं.

"वेळ नाही झाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग लायसन्सकडे. मग पुन्हा माझ्याकडे, जरा वर. इथलं नवं काढलं की जुनं काढून घेतात, हे तिला माहीत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

"बाबा," लेक म्हणाली, "तुझ्या केसांसाठी आपण सव्वा लाख डॉलर भरायचे?" तिचं मराठी एरवी अडखळतं. पैशांच्या बाबतीत फार स्वच्छ आहे.

त्या रात्री झोप लागेना. दोन वाजता उठून मी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 1973 सालचा एक निकाल वाचत बसलो, व्लान्डिस विरुद्ध क्लाइन. क्लाइन ही विद्यार्थिनी लग्न होऊन कॅलिफोर्नियातून कनेक्टिकटला गेली. लायसन्स तिथलं, गाडी तिथली, मतदारयादीत नाव तिथलं, नवरा तर जन्मापासून तिथला. पण कॉलेजचा अर्ज केला तेव्हा पत्ता कॅलिफोर्नियाचा होता, म्हणून शिकत असेतोवर तू बाहेरचीच, असा त्या राज्याचा कायदा. कोर्टाने तो मोडीत काढला. बाहेरून आलेल्याला आपण इथले झालो हे सिद्ध करायची संधी तरी द्या, म्हणाले. मला केवढा धीर आला! मग लक्षात आलं, बाईंकडे सगळे कागद होते. माझ्याकडे केस होते, तेही फोटोत.

असं अडलं की माणसाला गाव आठवतं. 1995 साली बारावीनंतर मला डोमिसाइल काढायचं होतं. त्याला महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा लागायचा. वडील बँकेत, मध्ये तीन वर्षं बदली इंदूरला. माझं वय 18. बेरीज बरोबर भरत होती, पण सलग भरत नव्हती, आणि तालुक्याच्या कचेरीत सलग या शब्दाला फार मान होता. रहिवासी दाखल्यासाठी तलाठी भाऊसाहेबांनी शेजारच्या अण्णांना विचारलं, हा पोरगा इथलाच का? अण्णा म्हणाले, "माझ्या झाडाचे पेरू दरसाल हाच नेतो. तीन वर्षं इंदुरात होता, तेवढे पेरू आमच्या घरात आले." साक्ष माझ्या बाजूची की विरुद्ध, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भाऊसाहेब हसले आणि त्यांनी सही केली. पुढचं डोमिसाइल शेवटी वडिलांच्या कागदांवर निभावलं. आमच्या घराण्यात माझ्या कागदांवर आजवर काहीच निभावलेलं नाही.

फ्रीमाँटला असा साक्षीदार कुठून आणणार? शेजारी दिसला की हात हलवतो, आम्हीही हलवतो. त्याच्या लिंबाच्या फांद्या आमच्या कुंपणावर लोंबतात आणि सहा महिन्यांत मी एक लिंबू तोडलेलं नव्हतं. तोडलं असतं तर निदान पोलिसांत नोंद तरी झाली असती, तारखेसकट.

मार्चमध्ये लायसन्सला गेलो. परराज्यातून आलेल्याला लेखी परीक्षा असते. नापास झालो. फुटपाथाच्या कडेला इथे रंग दिलेले असतात. लाल म्हणजे थांबायचं नाही, एवढं कळतं. पण पांढरा माणसं चढवायला-उतरवायला, पिवळा माल उतरवायला, हिरवा थोड्या वेळापुरता, आणि मी सगळी उत्तरं एडिसनच्या अनुभवावर दिली होती. घरी येऊन पुस्तक उघडून बसलो. लेक शेजारी निबंध लिहीत होती. दोन विद्यार्थ्यांना बायकोने दोन कप दूध आणून दिलं.

दुसऱ्या खेपेला पास झालो. काउंटरवरच्या बाईंनी जुनं लायसन्स मागितलं. "एक मिनिट," म्हणून मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. बाईंनी लायसन्स पाहिलं, माझं डोकं पाहिलं, आणि काही न बोलता थांबल्या. सरकारी काउंटरवर इतका समजूतदारपणा मी त्याआधी पाहिला नव्हता. नव्या फोटोत मी कॅलिफोर्नियाचा कायमचा रहिवासी दिसतो. ऊन चकाकतंय डोक्यावर.

लेकीला राज्यातली धरा, हा अर्ज बायकोच्या ढिगावर गेला. माझा ढीग पुरवणी म्हणूनसुद्धा जोडायचा नाही, असं ठरलं. जिम बंद केली. टोलची डबी काढली, तिचा चौकोनी डाग काचेवर राहिला. जूनमध्ये एडिसनला मित्राच्या मुलाची मुंज होती, चार दिवस जाऊन येतो म्हटलं. बायकोने भाजी चिरता चिरता एकच शब्द उच्चारला, "हेतू." अहेर पोस्टाने गेला.

जुलैच्या अखेरीस निर्णय आला. लेक राज्यातली. घरात शिरा झाला. आनंदाच्या भरात मी वाटीभर शिरा कुंपणावरून शेजाऱ्याला दिला आणि त्याला नावही विचारलं. संध्याकाळी वाटी परत आली ती लिंबांनी भरून. रिकामी वाटी परत करू नये, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

पुढे काही महिन्यांनी एका रविवारी आईचा फोन आला.

"रेशन कार्डाची केवायसी करायला लावलीय," ती म्हणाली. "प्रत्येकाने दुकानात येऊन अंगठा द्यायचा. नाही दिला तर नाव कमी करणार म्हणे. तुझं आहे अजून."

"माझं? मला इथे येऊन पंचवीस वर्षं झाली आई."

"मग? काढायला कोण गेलंय? धान्य काही उचलत नाही आपण. नाव आहे आपलं नुसतं." मग जरा थांबून म्हणाली, "सांगू का त्याला, काढ म्हणून?"

बायको सोफ्यावर बसून सगळं ऐकत होती. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि आवाज बारीक केला.

"थांब, सांगू नकोस. दोन वर्षांत येतोच आहोत. तेव्हा देतो अंगठा."

बायकोने वर पाहिलं नाही. तिने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. कॅलिफोर्नियाला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.