गौताळ्याला वाटाडे हवेत

सप्टेंबरातल्या एका शनिवारी पहाटे चारला आम्ही सहा जण अमेरिकेतल्या डेन्व्हरहून निघालो. लातूरचा एक, परभणीच्या दोघी, जालन्याचं जोडपं आणि मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडची. डब्यात धपाटे, लसणाची चटणी आणि घट्ट दही. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात बेअर लेकपासून एमराल्ड लेकपर्यंत चालून यायचं होतं. जाऊन-येऊन सहा किलोमीटरही भरत नाही, पण आपलं कळसूबाई 5,400 फूट आणि इथे जिथून चालायला सुरुवात करायची ती जागाच साडेनऊ हजार फुटांच्या जवळ. पहिल्या चढालाच लातूरकर थांबून दम खायला लागला.

आधी निम्फ लेक, मग ड्रीम लेक, मग एमराल्ड. पहिल्या तळ्यावर कमळाची पानं, दुसऱ्यावर वारा इतका की बोललेलं ऐकू येईना, तिसऱ्याला तिन्ही बाजूंनी कडे. अ‍ॅस्पेनची पानं पिवळीजर्द झाली होती. खालच्या माळावर एल्क ओरडत होता. हे आपल्या सांबराच्या कुळातलं प्रचंड हरिण, पण आवाज बासरी फाटल्यासारखा. एका दगडावर बसून आम्ही धपाटे खाल्ले आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

संध्याकाळी एस्टेस पार्क गावात फोनला रेंज आली तेव्हा मी कन्नडच्या वर्गमित्राला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन. “बघ, राष्ट्रीय उद्यान म्हणजे असं असतं. गौताळ्याला तो दर्जा मिळू दे, मग बघ. आणि तोवर पावसाळ्यात सरळ बंद करून टाकायला पाहिजे. आपल्या लोकांना शिस्तच नाही, त्यांना दंडुकाच लागतो.”

हा वाद आमच्यात नवा नाही. आमच्या कन्नडजवळचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 सालचं, साधारण 260 चौरस किलोमीटरचं. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत तिथे येऊन पोचला. तेव्हापासून माझ्या मित्राला वाटतं की आता या जंगलाचं काहीतरी मोठं व्हायला हवं. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि मराठवाड्यात एकही नाही, हे तो दर वेळी सांगतो. त्यातली खंत माझीही आहे. पण त्याच्या दोन्ही मागण्या मला पटत नाहीत, आणि का पटत नाहीत हे त्या शनिवारीच मला नीट उमगलं.

आधी शिस्तीचं. अमेरिकेतला माणूस जन्मतः स्वच्छ आणि आपला माणूस जन्मतः बेशिस्त, हे खरं नाही. 22 डिसेंबर 2018 ते 25 जानेवारी 2019 असे 35 दिवस तिथलं केंद्र सरकार खर्चाच्या वादात ठप्प होतं. बरीच राष्ट्रीय उद्यानं उघडी राहिली, पण कर्मचारी घरी बसले. काही दिवसांतच कचऱ्याचे डबे ओसंडून वाहू लागले, संडास तुंबले, लोक उघड्यावर बसले, जोशुआ ट्री उद्यानात तर झाडांची नासधूस झाली. माणसं तीच होती, त्यांच्याकडे बघणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

आम्हाला त्या दिवशी जे शिस्तीचं वाटलं ते कशाकशातून येत होतं बघा. आत जायची वेळ आधीच ठरवून घ्यावी लागते. 2020 पासून गर्दीच्या महिन्यांत ही पद्धत आहे, कारण वर्षाला चाळीस लाखांवर माणसं येतात. वाटेच्या तोंडाशी संडास. अस्वलाला उघडता येणार नाही असे लोखंडी डबे. प्रत्येक फाट्यावर अंतराची पाटी. आणि सुरुवातीलाच उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या स्वयंसेवक बाई. त्यांनी आमच्या बाटल्यांतलं पाणी बघितलं, पायातले बूट बघितले आणि दुपारच्या विजांच्या आत खाली या म्हणून बजावलं. त्यांनी आम्हाला अडवलं नाही. सुखरूप जाऊन कसं यायचं ते सांगितलं.

आपल्याकडे 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर ठिकठिकाणी मनाईचे आदेश निघाले. जीव गेल्यावर प्रशासनाला काहीतरी करणं भाग असतं, हे मला कळतं. पण आदेश कागदावर असतो आणि धबधब्यापाशी कोणी नसतं. जो जातो तो चोरून जातो, आडवाटेने जातो, कोणाला विचारत नाही, म्हणजे आधीपेक्षा जास्त धोक्यात जातो. पाणी किती वेळात चढतं हे सांगणारा गावातला एक जाणता माणूस दर शनिवार-रविवारी तिथे पगारावर उभा केला, तर तो त्या आदेशापेक्षा जास्त जीव वाचवील असं मला मनापासून वाटतं.

पैसा कुठून आणायचा, असं मित्र विचारतो. याचं उत्तर मराठवाड्याने फार पूर्वी दिलेलं आहे.

रॉकी माउंटन उद्यान 1915 सालचं, पण तिथल्या कितीतरी वाटा आणि बांधकामं 1933 नंतरची आहेत. अमेरिकेत महामंदी होती. हाताला काम नसलेल्या तरुणांची सरकारने सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर नावाची फौज उभी केली आणि त्यांना डोंगरात पाठवलं. त्यांनी पायवाटा काढल्या, दगड रचले, झाडं लावली. त्याच वर्षी या उद्यानात त्यांची छावणी पडली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली होती. डोक्यावर पाटी, कडेवर माझी मावशी. सुकडी खाल्ली आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. त्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत, असं ती शेवटपर्यंत सांगायची. त्या दुष्काळी कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नाल्यांना बांध पडले, आणि 1977 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. पुढे सगळ्या देशाने ती कल्पना उचलली. दुष्काळात काम मागणाऱ्या माणसाला काम देणं ही आपली कमाई आहे. मग त्याच हातांना पावसाआधी गडाच्या वाटा नीट करायचं, निसरड्या जागी पायऱ्या बसवायचं काम का देऊ नये? ताडोबाला मोहर्लीसारख्या गावांतली मुलंमुली गाईड म्हणून उभी राहतात, जंगल ओळखतात, त्यावर घर चालवतात. मग आमच्या कन्नड तालुक्यातल्या नागापूरच्या मुलांनी छत्रपती संभाजीनगरला कंपनीत कंत्राटावरच का जायचं?

आता राष्ट्रीय उद्यानाचं. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत मोठा फरक आहे. अभयारण्यात चराईला नियमात बसवून जागा ठेवता येते. राष्ट्रीय उद्यानात गुरांना पाय ठेवता येत नाही. म्हणजे दर्जा वाढला की पहिल्यांदा बाहेर जाणार तो गुराखी. फोटोत सुंदर दिसणाऱ्या त्या तळ्यांच्या परिसरातही माणसं होती. युट आणि अरापाहो हे तिथले मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या खोऱ्यांत शिकारीला येत, कडे ओलांडून जात. उत्तरेकडच्या अरापाहोंना 1878 मध्ये वायोमिंगमधल्या राखीव वस्तीत नेलं. मग 1914 मध्ये उद्यानाची तयारी चालू असताना कोलोरॅडोतल्या गिर्यारोहक मंडळींना डोंगरांची मूळ नावं हवी झाली. त्यांनी गन ग्रिसवोल्ड आणि शर्मन सेज या दोन अरापाहो वृद्धांना बोलावून घेतलं. सोबत टॉम क्रिस्पिन हा दुभाषा. दोन आठवडे घोड्यावरून त्यांना त्यांच्याच मुलखात फिरवलं आणि ते सांगतील ती नावं लिहून घेतली. नेव्हर समर पर्वत, कावुनीची खोरं, ही नावं आज नकाशावर आहेत ती त्यातूनच. नावं उरली, ज्यांनी ती दिली ती माणसं तिथे राहत नाहीत. मला त्या उद्यानावर प्रेम आहे, वर्षातून चार वेळा तिथे जाते, आणि तरीही हे मला विसरता येत नाही. गौताळ्याचं असं व्हावं हे मला मान्य नाही.

वाघाला जागा लागते, हा मित्राचा मुद्दा खरा आहे. गुरांनी रान ओरबाडलं की हरणांना चारा उरत नाही, हेही खरं. चराई कुठे चालेल, कुठे नाही, कोणत्या महिन्यात, हे ठरवावंच लागेल. माझं म्हणणं इतकंच की ते गावात बसून ठरवा, आणि रानाची राखण करायची नोकरी त्याच घरातल्या माणसाला द्या. गावाकडच्यांना बाहेरून सल्ले आवडत नाहीत आणि त्यांचा राग मला समजतो. पण माझं बालपण या रानात गेलंय, आणि ज्या देशाचा दाखला देऊन हे चाललंय तिथली दुसरी बाजू मी बघितली आहे, म्हणून बोलते.

त्या सप्टेंबराच्या दोन महिने आधी, जुलैत, मी कन्नडला होते. आम्ही शाळेतल्या चौघी तालुक्यातल्याच अंतूर किल्ल्यावर निघालो. गडाच्या दक्षिणेला निजामशाहीच्या काळातला एक चौकोनी दगडी खांब आहे. कोणती वाट कुठे जाते ते त्यावर फारसीत कोरलंय. चारशे वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटलं होतं की परक्या माणसाला इथे वाट कळली पाहिजे. पुढे मात्र कमरेएवढं गवत आणि दाट धुकं, पाटी एकही नाही. वाट चुकलोच आम्ही. तेवढ्यात घोंगडीची खोळ घेतलेले एक आजोबा दिसले, मागे सात-आठ गुरं.

“कुठं निघाल्यात पोरींनो? तिकडं दरी हाये, माघारी या.”

ते दरवाजापर्यंत सोबत आले. चालता चालता पाण्याच्या जागा सांगत गेले. हा झरा होळीपर्यंत टिकतो, हा दसऱ्यालाच आटतो. प्रत्येकाला नाव. एकाला तिथे कोसळलेल्या बैलाचं, एकाला वठलेल्या आंब्याचं, एकाला कोणा बाळंतिणीचं. मी फोनमध्ये लिहून घेत गेले. सतरा झाली. आम्ही दिलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत, शेंगदाण्याचा लाडू मात्र घेतला.

“खालच्या अंगाची राहिलीत अजून,” ते गुरांकडे वळता वळता म्हणाले. “पाऊस उघडल्यावर या, दावतो.”